आधी आई गेली, मग आजी सुटली : परदेशी निघालेल्या लेकराचं मन

आपल्या ओळखीतली एक मुलगी. जीएनएम केलं, पाच-सहा वर्षं खासगी दवाखान्यात रात्रपाळ्या काढल्या, इंग्रजीची परीक्षा दोनदा दिली आणि इंग्लंडच्या इस्पितळात नोकरी मिळवली. वस्तीत पेढे वाटले. विमान पहाटेचं होतं. चार वर्षांचा मुलगा रडेल, तिचा पाय निघणार नाही, म्हणून त्याला झोपेतच ठेवून सगळे विमानतळावर गेले. सकाळी तो उठला तेव्हा त्याला सांगितलं, आई ड्युटीला गेली, संध्याकाळी येईल. संध्याकाळी तो गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला. दुसऱ्या दिवशीही राहिला. आठ-दहा दिवसांनी जाणं बंद झालं. घरचे म्हणाले, बरं झालं, विसरला एकदाचा.

अकरा महिन्यांनी आई त्याला न्यायला आली. तो आजीच्या पदराआड लपला. तिनं हात पुढे केला तर त्यानं मान वळवली. आजीला म्हणाला, "हिला सांग ना, जा म्हणून." त्या रात्री ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही भेटायला गेलो तर म्हणाली, "ताई, ज्याच्यासाठी गेले तोच मला ओळखेना."

आम्ही तिला सांगितलं, तो तुला चांगलं ओळखतो. ओळखत नसता तर पाहुणी समजून जवळ आला असता. तो विसरलेला नाही, रुसलेलाही नाही. त्यानं आपलं मन झाकून घेतलंय. आणि ते झाकायला त्याला आपणच लावलं.

ताप, जुलाब, रक्तदाब, कावीळ यांवर या पानात आम्ही नेहमी लिहितो. या वेळी मनावर लिहितोय, कारण आपल्या घरांतून परदेशी जाणारी माणसं वाढली आहेत. पूर्वी आखातात जाणारे पुरुष असत. आता इंग्लंड, आयर्लंड, जर्मनीला निघालेल्या आपल्या लेकी आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याच नर्स आहेत. शिष्यवृत्तीवर शिकायला जाणारी पोरं आहेत, त्यांतल्या काहींच्या पदरी लेकरं आहेत. व्हिसा, बँकेचं कर्ज, कागदपत्रं यांची चौकशी करायला आमच्याकडे सगळे येतात. लेकराच्या मनाचं काय करायचं, हे विचारायला अजून फार कुणी आलेलं नाही. इंग्लंडला जाणाऱ्या घरांशी आमचा जास्त संबंध आला, म्हणून इथं तिथलंच लिहितोय.

झोपेत टाकून जाऊ नका

नर्सिंग शिकताना लहान मुलांच्या विषयात आम्हाला एक धडा होता. १९५२ साली जेम्स रॉबर्टसन या माणसानं लंडनच्या एका इस्पितळात फिल्म काढली. दोन वर्षांची मुलगी, छोटं ऑपरेशन, आठ दिवसांचा मुक्काम. त्या काळी आईला वॉर्डात थांबू देत नसत. मुलगी हळूहळू कशी मिटत गेली, ते त्या फिल्ममध्ये दिसतं. रॉबर्टसन आणि त्यांचे सहकारी जॉन बोल्बी यांनी सांगितलं की, आईपासून तुटलेलं लहान मूल तीन टप्प्यांतून जातं. आधी आरडाओरड करतं. मग ते उदास होतं, खाणंपिणं कमी होतं. शेवटी ते शांत होतं, खेळायला लागतं, आणि सगळे म्हणतात रुळलं. पण आई परत आली की ते तिच्याकडे बघतही नाही. हा तिसरा टप्पा सगळ्यात फसवा. आज वॉर्डात लेकराच्या खाटेजवळ आईला बसू देतात, त्यामागे या दोघांच्या कामाचाही वाटा आहे.

आम्ही परीक्षेत हे लिहून मार्क मिळवले आणि पुढे आमचंच चुकलं. काही वर्षांपूर्वी एका घरात आईचा फोन आला की मूल तासभर रडायचं. आजी थकून गेली होती. आम्हीच सल्ला दिला की फोन आठवड्यातून एकदाच ठेवा. दोन आठवड्यांत मूल शांत झालं. आमचा उपाय लागू पडला असं आम्हाला वाटलं. तो शांतपणा कसला होता, हे आई परत आली तेव्हा कळलं. फोननंतर रडणारं मूल बरं. त्याला अजून आशा आहे.

म्हणून पहिली गोष्ट, जाताना सांगून जा. दोन-तीन वर्षांच्या मुलाला तीन-चार दिवस आधी, शाळेत जाणाऱ्याला तीन-चार आठवडे आधी. भाषा साधी ठेवा. "आई विमानानं लांबच्या गावी कामाला जाणार. रोज फोन करणार. तू आजीजवळ राहणार. आजी तुला अंघोळ घालेल, शाळेत सोडेल. मग मी तुला न्यायला येणार." कधी येणार, हे तिकीट हातात असेल तरच सांगा. नाहीतर "भीमजयंतीच्या आधी येते" असं बोलायचं आणि रजा मिळाली नाही म्हणून पावसाळा उजाडायचा. मूल तारीख विसरतं, पण तुम्ही शब्द मोडलात हे विसरत नाही.

निघताना ते रडेल. रडू द्या. "शहाणा ना तू, रडायचं नाही" म्हणू नका. आई जात असताना रडणं हेच शहाणपणाचं लक्षण आहे. जवळ घ्या, सांगा की मलाही रडू येतंय, आणि मग निघा. निरोप दहा मिनिटांत आटपा. दारातून चार वेळा परत फिरलात तर मुलाला वाटतं, मोठ्यानं रडलं की आई थांबते.

मागे राहणाऱ्यांसाठी आमचं हात जोडून सांगणं आहे. मुलासमोर "आई पैशासाठी गेली", "टाकून गेली बघ तुला" असं थट्टेतसुद्धा बोलू नका. शेजारच्या बाया बोलतात, नळावर बोलतात. आजीनं तिथल्या तिथं तोंड बंद करावं. चार-पाच वर्षांचं मूल प्रत्येक गोष्टीचं कारण स्वतःत शोधतं. मी दूध सांडलं म्हणून आई गेली, असं एका मुलीनं आम्हाला खरोखर सांगितलंय.

जायची वेळ येते तेव्हा

आता दुसरा भाग, आणि आमच्या मते हा जास्त अवघड आहे. तिकडे गेलेल्या नर्सला पहिले काही महिने परीक्षा असते, राहायला खोली असते, पाळ्या असतात. त्यामुळे लेकरं मागून जातात, सहा महिन्यांनी, वर्षानं. इथं सगळ्यांचा समज असा की मूल आईकडे चाललंय, मग दुःख कसलं?

मुलाच्या बाजूनं बघा. या वर्षभरात त्याची आई झाली आजी. रात्री कुशीत घेणारी ती, तापात उशाशी बसणारी ती. आता तीही सुटणार. वर घर, गल्ली, शाळा, मित्र, दारातलं कुत्रं आणि भाषाही सुटणार. वर्षात दुसऱ्यांदा त्याची आई जातेय. आणि या वेळी त्यानं हसत निघावं अशी सगळ्यांची अपेक्षा असते.

आईला रजा मिळत असेल तर तिनं न्यायला यावं आणि निदान दोन-तीन आठवडे घरात राहावं. पहिल्या दिवशी मिठी मागू नका. पहिले दोन-तीन दिवस सगळं आजीच करील, आई नुसती जवळ बसेल. मग भात आजी कालवेल, घास आई भरवेल. मग अंघोळ आई घालेल, आजी टॉवेल घेऊन उभी राहील. शेवटी झोपवणं. वर सांगितलेल्या त्या घरी आम्ही हेच करायला लावलं. सहाव्या दिवशी तो आईच्या पाठीवर चढला, आणि त्यानंतर दोन दिवस तिला चावत होता, बुक्के मारत होता. आई पुन्हा रडकुंडीला आली. आम्ही म्हटलं, हे चांगलं झालं. अकरा महिन्यांचा राग आहे, बाहेर पडू दे.

आजीला एक अवघड काम करावं लागतं. तिनं मुलाला जायची परवानगी द्यावी लागते. "माझं कसं होईल रे तुझ्याशिवाय" हे वाक्य मनात कितीही आलं तरी त्याच्यासमोर बोलायचं नाही. मूल ते ओझं विमानात घेऊन जातं आणि तिकडे हसायलाही त्याला चोरी वाटते. "मला तुझी आठवण येईल. पण मी इथं बरी राहीन. मावशी आहे, विहारातल्या बाया आहेत. तू तिकडची गंमत मला सांगायची," एवढं पुरे.

सामानात किलोचा हिशोब असतो. तरी एक गोधडी घ्या, आजीच्या जुन्या लुगड्याची. आणि कृपा करून ती धुवून, इस्त्री करून देऊ नका. तिला घराचा वास आहे, तोच औषध आहे. आजीचा, गल्लीचा, शाळेचा, मित्रांचा फोटो कागदावर छापून घ्या. मोबाइलमधला फोटो मुलाच्या हातात राहत नाही. मुलाला स्वतःच्या हातानं दोन वस्तू निवडू द्या. एकानं विटीदांडूतली विटी नेली. असू दे.

निघण्याआधी त्याला सगळ्यांचा निरोप घेऊ द्या, शाळेतल्या बाईंचा, किराणा दुकानदाराचा, कुत्र्याचा. मुलांना वस्तूंचा आणि जागांचाही निरोप घ्यायचा असतो. त्यात अर्धा दिवस जाईल, जाऊ द्या. आणि तिकडच्या स्वर्गाच्या गोष्टी सांगू नका. बर्फ, राजवाडे, रोज चॉकलेट असं सांगितलं आणि तिथं पावसात भिजलेला रस्ता अन् एका खोलीचं घर दिसलं की मूल तुमच्यावरचा विश्वास सोडतं. तसंच "तिकडे असं वागलास तर पोलीस नेतील" हेही नको.

कुणी सांगत नाही अशी एक गोष्ट

आम्ही नर्स आहोत, म्हणून हे स्पष्ट लिहितो. तिकडच्या शाळेच्या संडासात पाणी नसतं, कागद असतो. आपल्या मुलांना त्याची सवय नसते. मग ती सकाळपासून साडेतीनपर्यंत दाबून धरतात. लघवी लागू नये म्हणून पाणी पीत नाहीत. महिन्याभरात पोट दुखतं, खडा धरतो, मुलींना लघवीची जळजळ सुरू होते. आईबाप म्हणतात, शाळा नको म्हणून नाटक करतो. शाळेला नावं ठेवण्याआधी हे विचारा. इथं असतानाच आठ-पंधरा दिवस कागद वापरायला शिकवा. पुढून मागं पुसायचं, विशेषतः मुलींनी. आणि इंग्रजीतलं एकच वाक्य पाठ करून घ्या, मला टॉयलेटला जायचंय. एबीसीडी मागून आली तरी चालेल, हे वाक्य आधी.

दुसरं वाक्य स्वतःच्या नावाचं. प्रज्ञा, सुजाता, सिद्धार्थ ही नावं तिकडच्या जिभेला वळत नाहीत. मूल लाजून जे काय म्हणतील ते घेतं, आणि वर्षभरात घरीसुद्धा ते नाव नको म्हणतं. पहिल्याच दिवशी आईनं किंवा वडिलांनी वर्गशिक्षिकेला नाव तोडून तोडून सांगावं, कागदावर लिहून द्यावं. नाव नीट घेतलं की मूल अर्धं तिथलं झालं.

तिथं गेल्यावर

पहिले दोन-तीन आठवडे बहुतेक मुलं मजेत असतात. लिफ्ट, दुमजली बस, शाळेचं हिरवं मैदान. मग एक दिवस शाळेला निघताना बूट घालायला नकार. रात्री अंथरूण ओलं, पाच वर्षांपूर्वी सुटलेली सवय परत. अंगठा तोंडात. जेवणात फक्त वरणभात हवा. मोठी मुलं चिडतात, दार आपटतात, "मला का आणलं" म्हणतात. हे सगळं अपेक्षित आहे. अंथरूण ओलं केलं म्हणून लाज काढू नका. चादर बदला, झोपा.

शाळेत गेल्यावर मूल बोलत नाही, ही तक्रार सगळ्यात जास्त. नव्या भाषेत टाकलेलं मूल काही आठवडे, कधी काही महिने गप्प राहतं. ते ऐकत असतं, साठवत असतं. बोलायला जबरदस्ती करू नका. कॅनडाचे भाषातज्ज्ञ जिम कमिन्स यांनी दाखवलं की, खेळण्याबोलण्यापुरती भाषा साधारण दोन वर्षांत येते, पण अभ्यासाच्या पुस्तकाची भाषा वर्गातल्या इतर मुलांइतकी यायला पाच ते सात वर्षं लागतात. म्हणून पहिल्या वर्षी गुणांवरून तोलू नका. मूल घरी मराठीत भरभरून बोलत असेल तर काळजी नाही. घरीही बोलणं थांबलं तर मात्र डॉक्टरला दाखवा.

काही आईबाप घाबरून घरात मोडकं इंग्रजी सुरू करतात. नका करू. मराठी बोलल्यानं इंग्रजी मागे पडत नाही. उलट पोटात काय होतंय, हे सांगायला मुलाजवळ एक तरी धड भाषा हवी. आपल्या भाषेत किती शब्द आहेत बघा, करमत नाही, जीव लागत नाही, हुरहूर वाटते, पोटात खड्डा पडतो. रोज संध्याकाळी "आज काय शिकवलं" याऐवजी "आज कुठं करमलं, कुठं नाही करमलं" असं विचारा. उत्तर लगेच येणार नाही. भांडी घासताना, बसमध्ये, दिवा घालवल्यावर येईल. पूर्वी झोपताना आजीबरोबर वंदना म्हणायची सवय असेल तर ती तिथंही ठेवा. अर्थ कळो न कळो, तीच ओळ, तोच सूर, तीच वेळ. कुठलीही जुनी सवय अशा वेळी आधार देते.

अंधाराचंही सांगून ठेवतो. डिसेंबरात लंडनला दुपारी चारच्या सुमाराला सूर्य मावळतो. सकाळी आठपर्यंत उजाडत नाही. मूल अंधारात शाळेला जातं आणि अंधार पडता पडता घरी येतं. मोठ्यांचंसुद्धा मन खचतं. सुट्टीच्या दिवशी दुपारी थंडी असली तरी कोट घालून तासभर बाहेर काढा. आपल्या सावळ्या कातडीला तिथलं ऊन पुरत नाही. तिथलं सरकारी आरोग्य खातं सांगतं की, एक ते चार वर्षांच्या मुलांना रोज १० मायक्रोग्रॅम ड जीवनसत्त्व द्यावं, आणि आपल्यासारख्या गडद वर्णाच्या माणसांनी ते वर्षभर घेण्याचा विचार करावा. पोचल्याबरोबर घराजवळच्या जीपीकडे, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरकडे, सगळ्यांची नावं नोंदवा. नोंदणीला पैसे पडत नाहीत. इथलं लसीकरण कार्ड सोबत न्या. डॉक्टरकडे बापाचं इंग्रजी अडलं तर आठ-दहा वर्षांच्या मुलाला दुभाषा करू नका. तिथं दुभाषा मोफत मिळतो, मागायचा. आईच्या अंगावरून पांढरं जातंय, हे मुलानं डॉक्टरला का सांगावं?

आता मारण्याबद्दल. आपल्यात एखादी चापट मारली तर कुणाला काही वाटत नाही, हे आम्हाला माहीत आहे आणि ते बरोबर नाही हेही आम्ही या पानात पूर्वी लिहिलंय. तिकडे ती गोष्ट कायद्याची आहे. स्कॉटलंडमध्ये २०२० पासून आणि वेल्समध्ये २०२२ पासून आईबापांनी मुलाला मारणं पूर्ण बंद आहे. इंग्लंडमध्येही अंगावर वळ दिसला तर शाळा समाजसेवा खात्याला कळवते, घरी माणसं येतात. पण खरं कारण कायदा हे नाही. सगळं हरवलेल्या मुलाकडे उरलेली एकच सुरक्षित जागा तुम्ही आहात. तीही गेली तर ते कुठं जाईल?

आणि बापाकडे बघा. आपल्या बऱ्याच घरांत नोकरी बाईची, व्हिसा बाईचा, नवरा सोबत गेलेला. इथं तो कंपनीत सुपरवायझर असतो, मंडळाचा कार्यकर्ता असतो, चार माणसं त्याला विचारतात. तिथं तो गोदामात रात्री खोकी उचलतो किंवा घरी बसून पोरं सांभाळतो. त्याचा जीव गुदमरतो. काही जण पितात. मुलाला वाटतं माझ्यामुळे बाबा असे झाले. आम्ही बापांना दोष देत नाही, त्यांचंही गाव सुटलंय. पण घरातल्या मोठ्याचं मन बिघडलेलं असताना मुलाचं मन सुधारत नाही. त्यानंही डॉक्टरला सांगावं, भाषेच्या वर्गाला जावं, दिवसा चालायला बाहेर पडावं.

आपल्या मुलांना आणखी एक प्रश्न पडतो, जो इतर भारतीय मुलांना पडत नाही. तिथल्या भारतीय घरांत वाढदिवसाला गेल्यावर कुणीतरी काकू गोड आवाजात आडनाव विचारते, मग गाव, मग "म्हणजे तुम्ही कोण?" मूल घरी येऊन विचारतं, आपण कोण? आईबाप गडबडतात आणि "कुणाला सांगू नकोस" म्हणतात. मुलाला त्यातून एवढंच कळतं की आपल्यात काहीतरी लपवण्यासारखं आहे. त्यापेक्षा त्याच्या वयाला झेपेल तेवढं खरं सांगा. हा प्रश्न सातासमुद्रापार जातो म्हणूनच अमेरिकेत सिअ‍ॅटल शहरानं २०२३ साली जातीवरून भेदभाव करायला कायद्यानं बंदी केली. लंडनजवळ राहणाऱ्यांनी मुलांना १०, किंग हेन्रीज रोड या घरी न्यावं. १९२१-२२ च्या काळात बाबासाहेब तिथं राहिले. २०१५ साली महाराष्ट्र सरकारनं ते घर विकत घेतलं. एका आठ वर्षांच्या मुलीनं ते घर बघून आईला विचारलं होतं, "त्यांची मुलं कुठं होती तेव्हा?" इथं होती, रमाईजवळ. १९१३ साली बाबासाहेब पहिल्यांदा अमेरिकेला गेले तेव्हा यशवंतराव वर्षाचेही नव्हते. मागे राहिलेल्या लेकराची गोष्ट त्या घरातही होती, एवढं कळलं तरी मुलीला बरं वाटलं.

तेरा-चौदाच्या मुलांना मात्र वेगळं वागवा. त्यांना न विचारता नेऊ नका. त्यांचं जग मित्रांचं असतं आणि तेच तुम्ही तोडता. शक्य असेल तर तिथली दहावी, म्हणजे इयर टेन, सुरू व्हायच्या आधी न्या. चौदा-पंधराव्या वर्षी सुरू होणारा हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम मध्येच धरणं फार जड जातं. वर्ष तिथं सप्टेंबरात सुरू होतं. त्या वयाच्या मुलानं इथं परीक्षा देऊन मग येतो म्हटलं तर ऐकून घ्या, त्याचं बरोबर असू शकतं.

काही घरांत मुलं नेताच येत नाहीत. इंग्लंडला केअर वर्कर म्हणून गेलेल्यांना २०२४च्या ११ मार्चपासून नवरा-मुलांना सोबत नेण्याची परवानगी बंद झाली. एजंट हे सांगत नाहीत, "नंतर बघू" म्हणतात. लाखांचं कर्ज काढण्याआधी तिथल्या सरकारचा आजचा नियम स्वतः किंवा जाणत्या माणसाकडून वाचून घ्या. नियम सारखे बदलतात. आणि मूल नेता येणार नसेल तर ते किती वर्षांसाठी, याचा हिशोब पगाराच्या हिशोबाशेजारी मांडा.

कधी थांबायचं नाही

दोन-तीन महिन्यांत मूल थोडंथोडं मोकळं होत गेलं पाहिजे. झालं नाही, वजन उतरलं, झोप गेली, शाळेत जायचं म्हटलं की रोज उलटी होते, कुणाशीच खेळत नाही, तर शाळेत बोला आणि जीपीकडे जा. मोठं मूल "मी नसतो तर बरं झालं असतं" म्हणालं, हातावर कापल्याच्या खुणा दिसल्या, लांब बाह्या सोडत नाही, तर त्याच दिवशी जा. "लक्ष वेधून घेतंय" म्हणू नका. घेत असेल तर द्या लक्ष. त्याला सरळ विचारा, मरावंसं वाटतं का? विचारल्यानं डोक्यात खूळ शिरत नाही, मनातलं बाहेर येतं. इंग्लंडमध्ये मुलांना स्वतः फोन करता येईल असा चाइल्डलाइनचा मोफत नंबर ०८०० ११११ आहे. जीवाला धोका असेल तर ९९९. इथं मागे राहिलेल्या मुलांसाठी आणि आजी-आजोबांसाठीही सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ वर दिवसरात्र मोफत आहे, मराठीत बोलता येतं. संकटात सापडलेल्या मुलासाठी १०९८.

राहता राहिली आजी. मूल गेल्यावर तिच्याकडे कुणी बघत नाही. इंग्लंडचं घड्याळ आपल्यापेक्षा हिवाळ्यात साडेपाच तास आणि उन्हाळ्यात साडेचार तास मागे असतं. मार्चच्या शेवटच्या रविवारी आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी ते बदलतं. मूल शाळेतून चारला घरी आलं की इथं हिवाळ्यात साडेनऊ वाजतात. आम्ही पाहिलंय, आज्या त्या फोनसाठी न जेवता बसतात. साखरेची गोळी घेतलेली असते, पोटात काही नसतं, आणि नवाला चक्कर येते. घरात कुणी धाकटं असेल त्यानं आजीला आठला जेवायला बसवावं. फोनवर काय बोलायचं सुचत नाही, असं त्या म्हणतात. आज काय जेवलो ते सांगा. मेथीची भाजी, भाकर, चटणी. चार वर्षांच्या नातवाला तेवढंच ऐकायचं असतं, आणि मग तो विचारतो, कुत्र्याला घातली का?